हमालाच्या नावाची बिअर



या व्यासपीठावर दरसाल ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत विषय होतात. त्यात एका कामगार कार्यकर्त्याने बिअर हा विषय घेऊन उभे राहावे, याचे कित्येकांस नवल वाटले असेल. काहींस खेदही वाटला असेल. चिटणिसांनी मला दोनदा विचारले, "विषय तोच ठेवायचा ना?" मी म्हटले, तोच.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. मी ज्या चाळीत वाढलो तेथे पगाराच्या रात्री कोणत्या खोलीत काय चालले आहे हे भिंतीतून ऐकू येई. नवऱ्याच्या उधारीपायी जिचे मंगळसूत्र गुत्त्यावर गेले, अशी बाई मी पाहिली आहे. तेव्हा मद्यपानाची तरफदारी माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. परंतु कामगार काय प्याला, त्याला कोणी पाजले आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशात गेले, हा इतिहास कामगारांच्या माणसाने सांगितला नाही, तर तो एकतर दारूबंदीवाले सांगतात, नाहीतर दारू विकणारे. दोघांच्याही सांगण्यात कामगार नसतो. आणि लपवायचे कशाला, चांगली बनवलेली बिअर मला आवडते. परवाना काढून, बसून, एक पेला. सुताराने नीट सांधलेले दार पाहून ज्याला बरे वाटते, त्याला चांगली बिअरही त्याच कारणाने बरी वाटावी.

बिअर करतात कशी, ते थोडक्यात सांगतो. सातू भिजत घालून त्याला मोड आणायचे, ते मोड भट्टीवर सुकवायचे किंवा भाजायचे. याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात त्याचे सत्त्व उतरवायचे, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळायचे, निवले की यीस्ट घालून आंबवायचे. घरी नाचणीची आंबील करणाऱ्या आयाबहिणींना यातले काही नवे वाटू नये. पण मोड किती भाजले, पाणी कोणत्या विहिरीचे, यीस्ट कोणते आणि पिंपात किती दिवस ठेवले, यावरून बिअरची घराणी पडतात. गाण्यातल्या घराण्यांप्रमाणेच ही घराणी जन्मतात, भरभराटीला येतात, लोपतात आणि कधीकधी पुन्हा कोणीतरी त्यांची बंदिश शोधून काढतो. आज मी एकाच घराण्याविषयी बोलणार आहे. त्याचे नाव पोर्टर. इंग्रजीत पोर्टर म्हणजे हमाल. जगात राजांच्या, सरदारांच्या, संतांच्या नावाची मद्ये पुष्कळ आहेत. ओझे वाहणाऱ्याच्या नावाने जगभर पोचलेले असे हे एकच मला ठाऊक आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभीचे लंडन डोळ्यांपुढे आणा. रस्ते अरुंद, गाड्या कमी. थेम्स नदीत जहाजे उभी आणि त्यांतला माल माणसांच्या पाठीवरून गावात जाणारा. या हमालांच्या दोन संघटित जाती होत्या. एक तिकीट पोर्टर. त्यांना शहराचा धातूचा बिल्ला मिळे, तेच त्यांचे तिकीट. आपल्या स्टेशनावरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला आठवावा. दुसरे फेलोशिप पोर्टर; कोळसा, धान्य, मीठ, मासळी असा मापाने मोजायचा माल वाहण्याचा हक्क त्यांचा. ही मंडळी वर्षातून एका रविवारी, उन्हाळ्याच्या मध्यावर, हातात फुलांचे गुच्छ घेऊन बिलिंग्जगेटजवळच्या आपल्या देवळात जात आणि गरिबांसाठी वर्गणी ठेवीत. त्यांचा संघ १८९४ पर्यंत टिकला.

यांना दिवसभरात दहादा तहान लागे, आणि पोटालाही आधार हवा असे. लंडनमध्ये तपकिरी माल्टची बिअर पूर्वीपासून होतीच. १७२० च्या आसपास तिथल्या भट्टीवाल्यांनी तिच्यात हॉप्स वाढवले आणि पिंपांत महिनोन्‌महिने मुरवून मग विकावयास आरंभ केला. १७२१ मध्ये या बिअरचे पोर्टर हे नाव छापील कागदावर आढळते. हार्वुड नावाच्या भट्टीवाल्याने १७२२ मध्ये एका दिवशी हिचा शोध लावला, अशी कथा पुष्कळ पुस्तकांत आहे. पण ती कथा १८०२ सालच्या एका पुस्तकामुळे रूढ झाली, आणि बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी जुने कागद चाळून तिचा पाया किती ठिसूळ आहे हे दाखवून दिले. मला यात आश्चर्य वाटत नाही. हजार हातांनी हळूहळू घडवलेल्या वस्तूला मागाहून एक मालक चिकटवायचा, ही इतिहासाची जुनी खोड आहे.

एका मोठ्या भांड्याला, म्हणजे सुमारे लिटरभर पोर्टरला, तीन पेन्स पडत. चाळीस वर्षे हा भाव हलला नाही. १७६१ मध्ये करामुळे तो साडेतीन पेन्स झाला तेव्हा लंडनमध्ये केवढा गवगवा झाला! ही बिअर आजच्या साध्या बाटलीपेक्षा जड, साडेसहा-सात टक्क्यांची असे. लाकडी पिंपांत तिला एक विशेष वास येई. जुन्या चामड्याचा, किंचित आंबुसलेला. तो कशाने येतो हे १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी शोधले. लाकडाच्या रंध्रांत दडून बसणारे ते एक रानटी यीस्ट होते. त्याला त्यांनी ब्रेटॅनोमायसीस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. आज कसबी भट्टीवाले तेच यीस्ट मुद्दाम विकत आणून पिंपात सोडतात.

पोर्टर टिकाऊ होती, आणि मोठ्या हौदात अधिक चांगली मुरे. म्हणजे ज्याच्याजवळ मोठा हौद, आणि वर्षभर पैसा अडकवून ठेवण्याची ऐपत, त्याचीच चलती. येथेच छोटी भट्टी संपते आणि कारखाना सुरू होतो. व्हिटब्रेड, ट्रूमन, बार्कले-पर्किन्स ही घराणी पोर्टरवर उभी राहिली. व्हिटब्रेडच्या कारखान्यात माल्ट भरडावयाला घोडे चरकाभोवती फिरत. १७८५ मध्ये तेथे जेम्स वॉटचे वाफेचे यंत्र बसले. १७८७ मध्ये खुद्द राजा तिसरा जॉर्ज ते पाहून गेला. १७९६ मध्ये त्या एका कारखान्यातून दोन लाखांहून अधिक पिंपे बिअर निघाली. कापडगिरण्यांवरून आपण औद्योगिक क्रांती शिकतो. हमालाच्या पेल्यातूनही ती शिकता येते.

याच सुमारास हायड्रोमीटर नावाची काचेची वा धातूची एक नळी भट्टीवाल्यांच्या हाती आली. पाण्यात किती सत्त्व उतरले ते ती सांगे. तिने असे दाखवले की तपकिरी माल्ट स्वस्त असले तरी त्यात सत्त्व कमी, आणि फिकट माल्ट महाग असले तरी शेवटी तेच परवडते. झाले! सर्वांनी फिकट माल्ट धरले. पण मग बिअर फिकी दिसू लागली, गिऱ्हाईक कुरकुरू लागले, आणि रंगासाठी जळकी साखर आणि नाही नाही ते पिंपात पडू लागले. १८१६ च्या कायद्याने माल्ट आणि हॉप्स यांवाचून दुसरे काही घालण्यास मनाई झाली. लगेच १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने कॉफी भाजण्याच्या नळकांड्यासारख्या यंत्रात माल्ट कोळशासारखे काळे भाजण्याची सनद घेतली. चिमूटभर काळे माल्ट, बाकी सारे फिकट. आजची पोर्टर आणि तिची थोरली, अधिक जड बहीण स्टाउट यांची ती करपट चव तेव्हापासूनची आहे. हिशेबनिसाने चव बदलली, सरकारने ती पुन्हा बदलली, आणि पिणारा म्हणाला, आमची पोर्टर पूर्वीपासून अशीच!

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो. थेम्सवरच्या जहाजांतून कोळसा उपसणारे मजूर नऊ-नऊ जणांच्या टोळ्यांनी काम करीत. चौघे तळाशी टोपल्या भरीत, चौघे दोरावर झोके घेऊन त्या वर ओढीत, एक जण टोपली रिकामी करी. या टोळ्या लावण्याचा मक्ता होता नदीकाठच्या दारूच्या दुकानदारांकडे. कप्तान दुकानदाराला सांगे, दुकानदार टोळी ठरवी, आणि मजुरीही त्याच्याच दुकानात, त्याच्याच हातून मिळे. काम हवे, तर आदल्या रात्री त्याच्याकडे प्यावे लागे. कामाला जाताना त्याचीच बिअर भांड्यांत भरून न्यावी लागे. तहान नसली तरी तिचे पैसे मजुरीतून कापले जात. जो अधिक पिई त्याला आधी काम. १७६८ मध्ये या मजुरांनी संप केला, दंगे झाले, आणि सात मजुरांना शॅडवेल येथे फासावर चढवण्यात आले. पद्धत तशीच राहिली.

श्रोतेहो, मुकादमाकडून उचल घेतलेला, मुकादमाच्याच भावाच्या गुत्त्यावर बसलेला आणि शनिवारी हातात चार नाणी घेऊन उभा राहिलेला हमाल मी पाहिला आहे. म्हणून हा मजकूर प्रथम वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. लंडनच्या त्या मजुराला कोणी दारुडा म्हटले तर ते खोटे नव्हते. पण त्याच्या दारूचा हिशेब त्याच्या मजुरीच्या वहीतच लिहिलेला होता, हे सांगितल्यावाचून ते खरेही नव्हते.

पंचाहत्तर वर्षांनी, १८४३ मध्ये, पार्लमेंटने कायदा केला. मजुरांची नोंदणी करणारी एक कचेरी उघडली. कप्तानाने टोळी तेथूनच घ्यावयाची आणि मजुरी तेथेच द्यावयाची. दुकानदार मधून उठला. हेन्री मेह्यू या पत्रकाराने काही वर्षांनी या मजुरांना भेटून त्यांची हकीकत छापली. हे काम बिअरवाचून होते का, असे त्याने त्यांनाच विचारले. पुष्कळांनी नाही म्हटले. पण काहींनी सांगितले की आम्ही सोडून पाहिली, आणि काम होते. दीड दशकाच्या आतच तो कायदा मात्र संपुष्टात आला. आपल्या महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, मुकादम बाजूला. त्या मसुद्यावर लंडनची छाया होती असे मी म्हणत नाही. दुखणे एक, म्हणून औषध एक.

पोर्टरच्या मोठेपणाची किंमत आणखी कोणी दिली तेही ऐका. मालकांमध्ये मोठ्यात मोठा हौद कोणाचा अशी चढाओढ लागली होती. टॉटनम कोर्ट रोडवरच्या म्यू यांच्या कारखान्यातला एक लाकडी हौद २२ फूट उंच होता. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दुपारी त्याचा एक लोखंडी पट्टा निसटला. असे पूर्वीही झाले होते. कारकुनाने वरिष्ठांना कळवले, त्यांनी सांगितले काही होत नाही. तासाभराने हौद फुटला. भिंत कोसळली आणि पोर्टरचा लोंढा मागच्या गरीब वस्तीतल्या तळघरांत शिरला. एका तळघरात आयरिश कुटुंब आपल्या दोन वर्षांच्या मुलाच्या प्रेताभोवती बसले होते. त्यांतले पाच जण गेले, मुलाची आईही गेली. शेजारच्या दुकानाच्या अंगणात भांडी घासणारी चौदा वर्षांची मोलकरीण भिंतीखाली सापडली. एकूण आठ जण. सगळ्या बायका नि मुले. लोक ओंजळीने बिअर पिऊ लागले, असे रंगवून सांगतात. त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत तसे काही नाही. ही भर मागाहूनची आहे. चौकशीत निकाल लागला की हा अपघात, दोषी कोणी नाही. वाहून गेलेल्या बिअरवरचा कर, सुमारे सव्वासात हजार पौंड, सरकारने मालकांना माफ केला, आणि कारखाना तगला. मेलेल्यांच्या घरी कारखान्याकडून काही आले नाही. तेथे आज डोमिनियन नाट्यगृह आहे.

या दुःखावर एक गंमतही सांगितली पाहिजे. १८५० च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियाचा सेनापती हायनाऊ लंडनची प्रेक्षणीय स्थळे पाहत बार्कले-पर्किन्सच्या कारखान्यात आला. आदल्याच वर्षी याने इटलीतल्या ब्रेशा गावात आणि हंगेरीत बंडवाल्यांची कत्तल केली होती, बायकांना फटके मारवले होते. पाहुण्यांच्या वहीत त्याने सही केली, नाव फुटले, आणि पिंपांच्या गाड्या हाकणारे कामगार केरसुण्या घेऊन त्याच्यावर धावले. गवत, शेण, हाताला येईल ते त्याच्यावर पडले. सेनापती पळाला तो नदीकाठच्या एका खानावळीत जाऊन लपला. पोलिसांनी नावेतून सोडवून नेला. राणी रागावली, परराष्ट्रमंत्री पामरस्टन मनातून खूश होते. १८६४ मध्ये गॅरिबाल्डी लंडनला आला, तेव्हा त्या कारखान्यात आवर्जून गेला. ना भत्त्याची मागणी, ना पगाराची. परक्या देशातल्या बायकांच्या पाठीवरच्या वळांसाठी उचललेल्या त्या केरसुण्या मला कोणत्याही ठरावाहून मोठ्या वाटतात.

आपल्या देशाशी या बिअरचा संबंध फौजेमार्फत आला. हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजांतून लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची फिकट बिअर येई, तशी पोर्टरही येई. फिकट बिअर अधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि पोर्टर गोऱ्या शिपायाच्या बराकीत. आज इंडिया पेल एल या नावाने जी बिअर गाजते, तिच्याविषयी सांगतात की उन्हातल्या प्रवासात दुसरी कोणतीच बिअर टिकत नसल्यामुळे ती शोधावी लागली. पोर्टर त्याच जहाजांतून, तोच समुद्र ओलांडून वर्षानुवर्षे येत होती! पण अधिकाऱ्याच्या पेल्याला दंतकथा मिळाली, शिपायाच्या पेल्याला नाही.

पुढे पोर्टरला ओहोटी लागली. लोकांना मुरलेल्यापेक्षा ताजी, गोडसर बिअर आवडू लागली. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झन गावी सोनेरी लागर निघाली, १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला. काचेच्या पेल्यात पारदर्शक बिअर चमकू लागली आणि काळी बिअर म्हाताऱ्यांची झाली. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी बिअर पातळ केली गेली. बाल्टिक समुद्राकाठी, पोलंडात, स्वीडनमध्ये तिचे वंशज जगले. लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती संपली. डब्लिनच्या गिनेस कारखान्याने स्टाउट ठेवली, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी पोर्टर बंद केली.

तिला पुन्हा उठवली ती छोट्या भट्ट्यांनी. इंग्लंडात १९७१ मध्ये चार तरुणांनी खऱ्या बिअरसाठी चळवळ काढली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ही मोडकळीस आलेली भट्टी १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने घेतली, आणि १९७२ मध्ये पोर्टर काढली. तेथून हे कसब पसरले. आपल्या पुण्यात २००९ मध्ये एक छोटी भट्टी निघाली, तिचे नाव डूलाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून पडले; तेथे मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून पाहून गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत वेडसराला डूलाली म्हणू लागले.

मी लंडनला एकदाच गेलो, कामगारांच्या एका परिषदेसाठी. तेथे संध्याकाळी चिझिकच्या फुलर्सची पोर्टर घेतली. ती काळी म्हणतात, पण उजेडासमोर धरली की कडेने माणकासारखी तांबडी दिसते. बर्फासारखी गार नसते, आणि असूही नये. पहिल्या घोटाला तव्यावर थोडी अधिक राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव, मग काकवीची, आणि शेवटी जिभेच्या मागे बिनदुधाच्या कॉफीचा कडवटपणा. पोट भरल्यासारखे वाटते. हमालाला ती का हवी होती हे पुस्तकाने जितके सांगितले नाही तितके त्या पेल्याने सांगितले. हल्ली तिच्यात चॉकलेट, नारळ, केकचे तुकडेसुद्धा घालतात. तरुणांना आवडते, आवडो. मला ते खयालात मध्येच बँडबाजा शिरल्यासारखे वाटते. आणि कसबी म्हणवणाऱ्या या बिअरच्या एका पेल्याला जी किंमत पडते, ती माझ्या संघटनेतल्या हमालाने कधी दिलेली नाही, देणारही नाही. त्याच्या नावाचा पेला त्याला परवडत नाही.

त्या अँकर भट्टीचे पुढे काय झाले तेवढे सांगून थांबतो. २०१७ मध्ये ती जपानच्या सॅपोरो कंपनीने घेतली. कसबाची वाहवा होत होती, पण त्या महाग शहरात कामगारांना पगार पुरत नव्हता. २०१९ मध्ये त्यांनी मतदान करून युनियन केली, आणि सामील झाले ते गोदी आणि गुदाम कामगारांच्या संघात. हॅरी ब्रिजेस यांच्या पुढारीपणाखाली १९३४ च्या संपातून वर आलेल्या, जहाजांवरचा माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांच्या संघात. वर्षअखेर त्यांनी करारही मिळवला. २०२३ च्या जुलैत कंपनीने भट्टी बंद केली. कामगारांनी ती आपण सहकारी तत्त्वावर विकत घेऊन चालवू असे जाहीर केले आणि पैसे जमवू लागले. तेवढे पैसे त्यांच्याजवळ नव्हते. २०२४ मध्ये ती हमदी उलुकाया या दह्याच्या कारखानदाराने घेतली.